बेल्ट त्याच्या कमरेला, मग माझं काय?

पत्र थोडक्यात: पत्रलेखक पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात मिक्स्ड मार्शल आर्ट्सची (कुस्ती, ठोसे, लाथा सगळं चालतं अशा लढतींची) छोटी जिम चालवतात. वय ४३. सहा-सात वर्षांपूर्वी पंधरा वर्षांचा एक मुलगा त्यांच्याकडे आला. वडील गवंडीकाम करणारे, फी भरणं शक्य नव्हतं. सहा वर्षं यांनी त्याला फुकट शिकवलं. ब्लड टेस्टपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळा खर्च स्वतःच्या खिशातून केला. दहा महिन्यांपूर्वी तो मुंबईतल्या एका मोठ्या जिममध्ये गेला आणि गेल्या महिन्यात त्याने व्यावसायिक स्पर्धेतला बेल्ट जिंकला. माइक हातात आल्यावर त्याने आई-वडिलांचं, देवाचं आणि मुंबईच्या कोचचं नाव घेतलं. यांचं घेतलं नाही. आता मुंबईच्या जिमबाहेर ‘आम्ही घडवलेला चॅम्पियन’ असा फ्लेक्स लागलाय. एक मित्र वर म्हणतो, “पोरात मुळातच होतं, तू नसतास तरी झालाच असता.” पत्रलेखक विचारतात: चॅम्पियनमध्ये कोचचा वाटा नेमका किती? जुने व्हिडिओ टाकून लोकांना खरं काय ते दाखवावं का? पैसे मागावेत का? आणि यापुढे कुणाला फुकट शिकवावं का?

सर,

जिममधली पोरं तुम्हाला ‘सर’ म्हणतात, मीही तसंच म्हणते.

तुमचं पत्र सात पानांचं आहे. त्यात बेल्टबद्दल चार ओळी आहेत आणि भिंतीबद्दल जवळजवळ दीड पान. जिमच्या मागच्या भिंतीचा रंग कमरेच्या उंचीपर्यंत घासून गेलाय, कारण खाली पाडल्यावर केजला, म्हणजे लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्याला, पाठ लावून उठायचं कसं, हे तुम्ही पोरांना त्या भिंतीशी शिकवता. आधी बूड भिंतीला टेकवायचं. एक हात जमिनीवर रोवायचा, दुसऱ्याने समोरच्याचं मनगट धरायचं, मग त्याच्या बगलेतून हात घालून इंचाइंचाने वर सरकायचं. त्या मुलाला पहिले चार महिने तुम्ही एवढंच करायला लावलंत आणि तो कंटाळून रडला होता. बेल्टच्या फाइटमध्ये दुसऱ्या राउंडला त्याला पाडून केजशी दाबून धरलं, तेव्हा तो तसाच उठला. तुम्ही ते फोनच्या स्क्रीनवर पाहिलंत. ‘मी टाळी वाजवली आणि मग मला रडू आलं,’ असं तुम्ही लिहिलंय.

ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तिथेच दिसतं.

आधी वाट्याचं बोलू. तुम्ही ‘वाटा’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे एक भाकरी आहे. मुंबईवाल्यांनी चतकोर जास्त घेतली की तुमची तेवढी कमी झाली, असा हिशेब आहे. मला तो इथे लागू पडतो असं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायला मला खबीब नुर्मागोमेदोव्हकडे जावं लागेल. तुम्हाला ही गोष्ट माझ्याहून चांगली ठाऊक असणार, पण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना ती माहीत नसेल.

खबीब रशियातल्या दागेस्तानचा. वडील अब्दुलमनाप हेच त्याचे कोच. कुस्ती, ज्युदो, कॉम्बॅट सांबो (रशियातला झुंजीचा खेळ) हे सगळं बापाच्या हाताखाली झालं. यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत आल्यावर तो तयारीसाठी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला, हावियर मेंडेझ यांच्या जिममध्ये जाऊ लागला. वडिलांना अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये लास व्हेगासला खबीबने कॉनर मॅक्ग्रेगरला चौथ्या राउंडमध्ये मान आवळून हार मानायला लावली, तेव्हा ज्या माणसाने हे सगळं शिकवलं तो केजपासून हजारो किलोमीटरवर होता. कॉर्नरला, म्हणजे राउंडच्या मधे सूचना द्यायला, मेंडेझ होते. आता सांगा, कुणाचे किती टक्के? मेंडेझ जाहीरपणे म्हणत आले की पाया अब्दुलमनाप यांचा, आराखडाही त्यांचाच. असं म्हटल्याने मेंडेझ यांचं काही कमी झालं का? उलट ज्यांना हा खेळ कळतो त्यांच्या नजरेत ते वाढलेच.

जुलै २०२० मध्ये कोविडनंतरच्या गुंतागुंतीत अब्दुलमनाप गेले. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला अबू धाबीत जस्टिन गेथजीला हरवून खबीबने ग्लोव्ह्ज काढून मॅटवर ठेवले. वडिलांशिवाय लढणार नाही असा शब्द आईला दिलाय, असं त्याने सांगितलं. २९ लढती, २९ विजय, आणि तिथेच थांबला. पुढे तो स्वतः कोच म्हणून कॉर्नरला उभा राहिला. अब्दुलमनाप यांच्याच तालमीतला इस्लाम मखाचेव्ह ऑक्टोबर २०२२ मध्ये चॅम्पियन झाला, तेव्हा त्या बेल्टच्या वेळी नाव निघालं ते दोन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं.

तुम्ही म्हणाल, तो तर पोटचा मुलगा होता, तो बापाचं नाव घेणारच. बरोबर आहे. ते नातं तुमच्याकडे नाही, म्हणून तुमचं दुखणं जास्त आहे, आणि मी ते कमी लेखत नाही. पण एक गोष्ट या गोष्टीतून उचला. अब्दुलमनाप यांचा मोठेपणा आपल्याला एका खबीबवरून कळला नसता. मुलगा जात्याच तसा असेल, असं कुणीही म्हटलं असतं. दुसरा, तिसरा त्याच मॅटवरून उठून आला, तेव्हा शिकवणाऱ्याचा हात दिसला.

तुमच्या मित्राचं बोलणं इथेच येतं. ‘पोरात मुळातच होतं.’ अर्धं खरं आहे ते. चांगला फायटर नावाजलेल्या कोचकडे जातो, म्हणून नावाजलेल्या जिमच्या भिंतीवरचे काही बेल्ट दारातून आत येतानाच अर्धे तयार असतात. दहावीच्या निकालानंतर एकाच मुलीचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर दिसतो, तसंच हे. मुंबईच्या फ्लेक्सला हा नियम लावायचा तर तो तुम्हालाही लागतो. तुम्हीच लिहिलंय, त्या वर्षी तुमच्याकडे जवळजवळ चाळीस पोरं आली होती. भिंत तीच, कोच तोच. एक चॅम्पियन झाला. त्या एकाचं सगळं श्रेय तुमचं म्हणायचं, तर बाकीच्या एकोणचाळीसांचं काय म्हणायचं?

हा टोमणा नाही, सर. मला तर वाटतं तुमची खरी ओळख त्या एकोणचाळीसांत आहे. पाचव्या पानावर तुम्ही कंसात लिहिलंय की त्या बॅचमधली एक मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली, आणि दारूच्या नादाला लागलेला एक जण आता सकाळची बॅच घेतो. ते कंसात का लिहिलंत? सहा वर्षांत तुमच्या मॅटवर एकाही पोराला डोक्याची गंभीर दुखापत झाली नाही, हेही ओझरतंच आलंय. या खेळात ते ओझरतं लिहिण्यासारखं नाही.

बरं, जिंकण्याचं श्रेय कोचचं धरलं तर हरण्याचंही धरावं लागतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्नला हॉली होमने यूएफसीची चॅम्पियन राँडा राउझीला दुसऱ्या राउंडमध्ये डोक्यावर लाथ मारून पाडलं. राउझी तोवर हरली नव्हती. तिचे पहिले आठही विजय आर्मबारने, म्हणजे कोपर उलटं ताणून हार मानायला लावणाऱ्या डावाने, आलेले, आणि ज्युदो तिला शिकवलं होतं आईने, जी स्वतः १९८४ ची ज्युदोची जगज्जेती. पहिल्या राउंडनंतर राउझी धापा टाकत स्टुलावर बसली असताना कोच तिला छान चाललंय म्हणून धीर देत होते, यावर नंतर खूप टीका झाली. होमच्या बाजूला होते माइक विंकलजॉन. फिटनेससाठीच्या किकबॉक्सिंग क्लासला आलेल्या मुलीतली फायटर त्यांनी हेरली आणि वर्षानुवर्षं घडवली. त्या रात्री सगळे म्हणाले, कोच असावा तर असा. मार्च २०१६ मध्ये मिशा टेटने पाचव्या राउंडला गळा आवळून होमचा बेल्ट नेला. चार महिन्यांत विंकलजॉन कोच म्हणून उतरले का? बेल्टवरून कोच मोजायला गेलं की माप असं रोज बदलतं.

मग कोचचं स्वतःचं असं काय उरतं? बरंच. माझ्या समजुतीप्रमाणे, पोरगं हरलं असतं तरी जे तुमचंच राहिलं असतं, ते तुमचं. भिंतीशी घालवलेले चार महिने तुमचे. त्याला सतराव्या वर्षी मोठ्या पैशांची फाइट आली होती आणि तुम्ही ‘अजून वर्षभर नाही’ म्हणालात, ते तुमचं. लढत थांबवायला कॉर्नरवरून टॉवेल टाकायची वेळ आली असती, तर प्रेक्षकांच्या शिव्या खाऊन तो टाकण्याची हिंमतही तुमचीच असती.

आणि मुंबईच्या कोचचं काय उरतं तेही मला मोकळेपणाने म्हणायला हवं. २० ऑगस्ट २०२२, सॉल्ट लेक सिटी. यूएफसीच्या बेल्टची लढत, लिऑन एडवर्ड्स विरुद्ध चॅम्पियन कामारू उस्मान. पहिला राउंड एडवर्ड्सचा, पुढचे तिन्ही उस्मानचे. तिन्ही पंचांच्या कागदावर उस्मान ३९-३७ पुढे. चौथ्या राउंडनंतर एडवर्ड्स पडेल चेहऱ्याने कॉर्नरला आला. कोच डेव्ह लव्हेल यांनी त्याला गोंजारलं नाही. स्वतःची कीव करत बसू नकोस, तो तुला दाबतोय आणि तू दबतोयस, या आशयाचं त्यांनी त्याला खडसावून सांगितलं. ते फुटेज पाहिलं तर कोचचा आवाज घरच्या माणसासारखा चढलेला ऐकू येतो. पाचव्या राउंडची ५६ सेकंदं राहिली असताना एडवर्ड्सने डाव्या हाताची हूल दिली आणि डावी लाथ डोक्यात बसली. उस्मान खाली.

लाथ एडवर्ड्सच्या पायाची. हूल देऊन लाथ मारायचा डाव आयत्या वेळी सुचत नाही, तो अंगात मुरलेला असावा लागतो. पण त्या एका मिनिटात स्टुलावर जे बोललं गेलं ते लव्हेल यांचं, दुसऱ्या कुणाचं नाही. आणि समोरच्या कॉर्नरला ट्रेव्हर विटमन होते, ज्यांना या खेळातल्या सर्वांत चांगल्या कोचमध्ये गणतात. त्यांचा फायटर हरला, पण कोच म्हणून तेही तेवढेच चांगले होते.

तुमच्या मुलाच्या फाइटमध्ये ते एक मिनिट मुंबईच्या माणसाकडे होतं. दुसऱ्या राउंडनंतर तो काय बोलला हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. माइक हातात आला तेव्हा मुलाच्या कानात तोच आवाज घुमत असणार. दम लागलेला, ओठ फुटलेला, हातात माइक आणि समोर कॅमेरा. तेव्हा जे निघतं ते सहा वर्षांचा हिशेब मांडून निघत नाही.

आपल्याकडे कुस्तीच्या मैदानात याची सोय आहे. निकाल लागला की पैलवान वस्तादांच्या पाया पडतो, वस्तादांना फेटा बांधतात, हलगी वाजत असते. कुणाला काही आठवून बोलावं लागत नाही, रीतच ते करून घेते. केजमध्ये ती रीत नाही, फक्त माइक आहे. म्हणून एवढ्यावरून मुलाचं मन ओळखायला जाऊ नका.

आता जरा अवघड बोलते. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलंय, ‘तो न सांगता गेला.’ चौथ्या पानावर लिहिलंय, ‘मुंबईचं नाव काढलंस तर परत इथे पाय ठेवायचा नाही, असं मी त्याला सगळ्यांसमोर बजावलं होतं.’ ही दोन वाक्यं एकाशेजारी एक ठेवून वाचा. एकवीस वर्षांच्या पोराने सांगून जायचं तरी कसं? तुमच्या जिममध्ये त्याच्या वजनाचा स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) एकही पार्टनर उरला नव्हता, हे तुम्हीच सांगता. तिथे पाच-सहा होते. तो तुम्हाला टाकून गेला, की तुम्ही शिकवलेलं पणाला लावायला गेला? मला दुसरं जास्त शक्य वाटतं. माइकवर तुमचं नाव न येण्यात कृतघ्नपणापेक्षा भीती आणि लाज असू शकते. ज्याने दार बंद केलं त्याचं नाव हजार लोकांपुढे घेऊन काय होईल, हे पोराला कळत नसेल.

पोस्टचं म्हणाल तर टाकू नका. तुमच्या फोनमध्ये पंधरा वर्षांचा तो आणि भिंतीशी रडणारा तो, असे व्हिडिओ आहेत. ते रागाने टाकलेत तर लोक दोन दिवस मुलाला शिव्या देतील, दोन दिवस तुम्हाला देतील आणि विसरतील. तुमच्याकडच्या आजच्या पोरांना मात्र कळेल की आपले रडतानाचे व्हिडिओ सरांकडे आहेत आणि उद्या ते असे बाहेर येऊ शकतात. तो विश्वास गेला तर परत मिळणं कठीण. पुढे कधी त्याला विचारून, त्याच्या आनंदात एखादा टाकलात तर ती गोष्ट वेगळी.

पैशाचं. बॉक्सिंगमध्ये ट्रेनरला फाइटच्या पैशातले दहा टक्के, ही जुनी पद्धत आहे. ती ज्या फाइटची तयारी करून घेतली त्या फाइटपुरती. या बेल्टची तयारी तुम्ही करून घेतली नाहीत, म्हणून त्यातलं मागू नका. पण दिल्लीच्या स्पर्धेला जाताना त्याच्या वडिलांनी ‘उसने समजा’ म्हणून घेतलेले ३८,००० रुपये वेगळे. ते उसने होते, ते मागायला लाजू नका. वडिलांकडे मागा, मुलाकडे नको, आणि बेल्टचा विषय न काढता मागा. बाकीचा सहा वर्षांचा खर्च तुम्ही तेव्हा आनंदाने केलात. बेल्ट आला नसता तर तो तुम्ही कधीच मांडला नसता. आता त्याची उधारी करू नका.

फुकट शिकवणं थांबवू नका, पण रीत लावा. कुस्ती असो, कथक असो की तबला, असे गुरू पुष्कळ आहेत, त्यांनाही हे सांगते. एक कागद करा. फी माफ आहे की पुढे द्यायची आहे, कमाई सुरू झाल्यावर किती आणि कधीपर्यंत, दुसरीकडे शिकायला जायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, आणि सांगितलं तर दार उघडं राहील, हे साध्या मराठीत लिहा. मुलगा अठराच्या आतला असेल तर आई-वडिलांची सही घ्या. फाइटच्या अर्जात जिमचं नाव विचारतात, तिथे पहिली जिम आणि सध्याची जिम अशी दोन्ही नावं द्यायची, हेही त्यातच लिहून ठेवा. मोठ्या जिमला स्वतःहून फोन करून ‘पोरगा पाठवतोय, अमुक शिकलाय, अमुक राहिलंय’ असं सांगायची सवय लावलीत तर तुमचं नाव त्याच्याबरोबर जाईल.

हे वाचणाऱ्या खेळाडूंनो, तुम्हालाही एक सांगते. पहिल्या कोचला सोडताना रात्री मेसेज टाकून जाऊ नका. समोर जा. ओरडले तर ऐकून घ्या.

सर, खाशाबा जाधवांचं १९५२ च्या हेलसिंकीचं कांस्यपदक आठवा. प्रवासाला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. ना वस्ताद, ना कोच. त्या पदकावर त्यांचं नाव कोरलेलं नाही. पण आमच्याकडे ही गोष्ट सांगताना माणसं खर्डेकरांपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. मी लहानपणी ती ऐकली तेव्हा मला पदकापेक्षा ते घरच लक्षात राहिलं होतं.

तुमच्या मिसेस म्हणतात तसा त्याला फोन करा. आज नको, दोन दिवस जाऊ द्या. त्याने उचलला नाही तर आवाजात मेसेज ठेवा, लिहू नका, तुमचा आवाज त्याच्या ओळखीचा आहे. ‘माझं नाव का नाही घेतलंस’ हे विचारू नका. त्या दिवशी सगळ्यांसमोर मी बोललो ते चुकलं, एवढं म्हणता आलं तर म्हणा. जड जात असेल तर पुढच्या वेळी. सहाव्या पानावर तुम्ही लिहिलंय की तिसऱ्या राउंडला दमल्यावर त्याचा डावा हात अजूनही हनुवटीखाली घसरतो, हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून तुम्ही त्याला वर्षभर सराव दिलात तरी पूर्ण गेलं नाही, आणि यावेळी समोरच्याला ते दिसलं नाही म्हणून निभावलं. पुढच्याला दिसेल.

तेच सांगा त्याला.